फ्रिजच्या लोणच्याची रेसिपी छापता, तर व्हिनेगरचे टक्के पण छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत झटपट लोणच्याची रेसिपी आली होती. गाजर काकडी कांदा उभा चिरा, एक वाटी व्हिनेगर एक वाटी पाणी मीठ साखर उकळा, बरणीत ओता, झालं. फोटो मस्त होता यात वाद नाही. पण खाली जागा संपली की काय झालं माहीत नाही, व्हिनेगर किती टक्क्यांचं ते कुठेच नाही, किती दिवस टिकते ते नाही, आणि फ्रिजचं नाव फक्त हेडिंगमध्ये. त्यात फोटोतल्या बरण्या कुठे ठेवल्या तर खिडकीच्या कट्ट्यावर, त्यावर छान कोवळं ऊन पडलेलं. आता आपल्याकडे लोणच्याची बरणी उन्हात दिसली की बाई काय समजणार, हेच ना की उन्हात ठेवायचं असते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याच दिवशी पुरवणीचं पान फिरलं आणि जेवणं व्हायच्या आत प्रश्न सुरू, ताई उन्हात किती दिवस ठेवू, वरून तेल सोडू का, वर्षभर राहते का, पाहुण्यांना बाटलीत भरून देऊ का. एकेकीला टाईप करून थकली, म्हणून तुम्हालाच लिहून राहिली आहे, छापलं तर सगळ्यांना एकदाच कळेल.

मी घरीच मेस चालवते, स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी जेवायला येतात, अधिवेशनाच्या दिवसात बाहेरगावचे लोकही वाढतात. रोज वरण भात पोळी भाजी खाऊन पोरं कंटाळतात, ताटात काहीतरी आंबट-करकरीत पाहिजे असते त्यांना, म्हणून थंडी सुरू झाली की माझ्या फ्रिजमध्ये या बरण्या असतातच. म्हणजे मी या लोणच्याच्या विरोधात नाही हे आधीच सांगते. उलट मला वाटते की थंडीत नागपुरात भाजी एवढी स्वस्त आणि ताजी मिळते की हे नाही केलं तर काय केलं. बुधवारी बाजारात संध्याकाळी उशिरा गेलं की मुळा, गाजर, फुलकोबी अक्षरशः लुटवून राहिलेले असतात. माझं म्हणणं एवढंच की हे लोणचं बरणीतल्या लोणच्यापेक्षा पूर्ण वेगळ्या कारणाने टिकते, ते कारण समजून न घेता केलं तर गडबड आहे.

आपलं कैरीचं लोणचं बघा. किलोभर फोडींना २००-२५० ग्रॅम मीठ पडते, कैरी मुळातच आंबट, फोडी धुवून फडक्यावर पसरून कोरड्या करायच्या, पाण्याचा थेंब म्हणून लागू द्यायचा नाही, ओला हात बरणीत गेला की सासूबाई घर डोक्यावर घ्यायच्या. वरून तेल एवढं की फोड हवेला दिसतच नाही. मग दादरा बांधून बरणी माळ्यावर ठेवली तरी पुढच्या कैऱ्या येईपर्यंत काही होत नाही. तिथे मीठ, आंबटपणा, तेल, कोरडेपणा असे चार-चार जण राखण करतात. फ्रिजच्या लोणच्यात काय असते? पाणी भरपूर, तेल नाही, मीठ जेवणातल्या कोशिंबिरीपेक्षा थोडं जास्त, आणि भाजी कोणती तर गाजर मुळा कोबी, ज्यांच्यात स्वतःचा आंबटपणा जवळपास नाहीच. म्हणजे राखणदार दोनच उरले, बाहेरून घातलेलं व्हिनेगर आणि फ्रिजची थंडी. दोघांपैकी एकाला सुट्टी दिली की दुसऱ्यावर भार आला, आणि तुमच्या रेसिपीने एकाला अर्धवट आणि दुसऱ्याला पूर्ण सुट्टी देऊन टाकली.

आता टक्क्यांचं सांगते, कारण खरी गोम तिथे आहे. या एकास एक मापाच्या रेसिपी मूळ बाहेरच्या, जास्तकरून अमेरिकेच्या. तिकडे दुकानात जे साधं पांढरं व्हिनेगर मिळते त्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ५ टक्के असते. त्यात तेवढंच पाणी घातलं की मिश्रण अडीच टक्क्यांचं झालं, आणि त्यांचं सगळं गणित या अडीचवर बसवलेलं आहे. आपल्याकडे नियमाप्रमाणे व्हिनेगरमध्ये कमीत कमी ३.७५ टक्के अ‍ॅसिड लागते, आणि किराणा दुकानातल्या बहुतेक पांढऱ्या बाटल्यांवर ४ टक्के लिहिलेलं असते, कोणी मागचं लेबल वाचतच नाही ही वेगळी गोष्ट. ४ टक्केवाल्यात तेवढंच पाणी घातलं की झालं २ टक्के. अर्धा टक्का म्हणजे काही वाटत नाही बोलायला, पण अडीचमधून अर्धा गेला म्हणजे आंबटपणाचा पाचवा हिस्सा गेला की. चवीला पण लागते ते, पाणचट लागते, आणि मग बायका म्हणतात की जमलं नाही, व्हिनेगर वाईट होतं. व्हिनेगर वाईट नव्हतं, पाणी जास्त होतं.

हिशोब एकदम सोपा आहे, कॅल्क्युलेटर लागत नाही. बाटलीवर ४ टक्के असेल तर सव्वा वाटी व्हिनेगरला पाऊण वाटी पाणी. बरोबर अडीच टक्के येते, करून बघा. बाटलीवर ३.७५ असेल तर दोन वाट्या व्हिनेगरला एकच वाटी पाणी, तेही अडीचच. आणि कुठे ५ टक्केवाली बाटली मिळाली, मोठ्या मॉलमध्ये मिळते, तर मग बिनधास्त एकास एक. बाटलीवर टक्केच लिहिले नसतील तर ती बाटली चायनीज भुर्जीला वापरा, लोणच्याला नको.

लेबल वाचायला घेतलंच आहे तर अजून एक. काही बाटल्यांवर सिंथेटिक असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये पाणी घालून केलेलं, आणि हे लेबलवर सांगणं कंपनीला बंधनकारक आहे. दुसरं असते ते आंबवून केलेलं, उसाचं, सफरचंदाचं वगैरे. टिकण्याच्या बाबतीत दोन्ही सारखे, टक्के जुळले की झालं. चवीत फरक आहे, सिंथेटिक नाकात जाते, आंबवलेलं थोडं मऊ लागते. सफरचंदवालं महाग आहे आणि त्याने तब्येतीचे चमत्कार होतात असं जे फिरून राहिलं आहे त्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण कांद्याला चव छान देते हे खरं. जत्रेत प्रदर्शनात जांभळाचा शिरका, उसाचा शिरका सुटा मिळतो, तो मला फार आवडतो, पण त्यात किती टक्के आहे हे विकणाऱ्याला पण माहीत नसते, तर तो ताज्या कोशिंबिरीवर घ्या, बरणीत नको. आणि केमिकलच्या दुकानातून सुटं अ‍ॅसिड आणून घरी पाणी घालून व्हिनेगर बनवायचे व्हिडिओ बघितले आहेत मी, ते कृपा करून कोणी करू नका, ते अ‍ॅसिड हातावर पडलं तर कातडी जळते, चार पैसे वाचवायला कशाला तो उपद्व्याप.

लिंबू चालते का असं पण विचारतात. दुपारच्या जेवणाला कांदा-लिंबू-मीठ करून लगेच खायचं असेल तर चालते, चांगलंच लागते. पण दोन आठवडे ठेवायच्या बरणीला नको, कारण एक लिंबू दुसऱ्यासारखं नसते, जानेवारीतलं रसाळ लिंबू आणि एप्रिलमधलं सुकं कडक लिंबू यांचा भरवसा काय धरणार, बाटलीवरच्या आकड्याचा धरता येतो.

एवढं टक्क्या-टक्क्याचं काहून करते असं वाटत असेल तर ऐका. जमिनीत एक जंतू असतो, बोटुलिनम नावाचा, अन्नात वाढला की जिवावर बेतणारं विष तयार करतो. गाजर, मुळा, बीट, लसूण सगळे जमिनीतूनच येतात, कितीही धुतलं तरी त्याचं बीज कुठेतरी चिकटलेलं राहू शकते. ते बीज साध्या उकळीने मरत नाही, त्याला कुकरसारख्या दाबाखाली १२१ डिग्रीच्या आसपास तापवावं लागते. त्याला आवडते काय, तर हवा नसलेली, ओली, आंबट नसलेली आणि गरम जागा. पाण्याखाली बुडलेली भाजी, घट्ट झाकणाची बरणी, आंबटपणा कमी, आणि ती बरणी नागपूरच्या स्वयंपाकघरात ओट्यावर. सगळं त्याच्या मनासारखंच झालं की. आंबटपणा मोजायचं माप असते पीएच, आकडा जितका कमी तितकं आंबट, तो ४.६ च्या खाली असला की हा जंतू वाढत नाही. व्हिनेगर नीट असलं की आपण त्याच्या बरेच खाली असतो. घाबरवायला नाही सांगत, आमच्याकडे पोरं थंडीभर खातात, पण पाणी वाढवून आणि बरणी बाहेर ठेवून हौस करू नये एवढंच. तेलात लसूण बुडवून ओट्यावर ठेवायची जी नवीन टूम आली आहे ती तर याच्यापेक्षा वाईट, तिथे आंबट काहीच नाही.

आणि इथे एक गंमत आहे जी मला फार उशिरा कोणी सांगितली. आपल्या कैरीच्या लोणच्यात बीपीवाल्याने मीठ कमी करायचं म्हटलं तर लोणचं बुरसते, कारण मीठच राखणदार. इथे उलटं आहे. मीठ कमी करा, साखर अजिबात घालू नका, मसाला बदला, टिकण्यात काही फरक पडत नाही, फक्त व्हिनेगरला हात लावायचा नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, आणि तो आपल्याकडे भाजी-वरणातच संपून जातो. तर घरात बीपीचं माणूस असेल आणि ताटात लोणचं पाहिजेच असेल तर हा चांगला मधला रस्ता आहे, आणि हे तुमच्या पुरवणीने ठळक छापायला पाहिजे होतं, त्याऐवजी सेलिब्रिटींचं डाएट म्हणून छापलं.

आता माझी पद्धत सांगते, कोणी विचारलं नाही तरी. सव्वा वाटी व्हिनेगर, पाऊण वाटी पाणी, पोह्याचा एक चमचा मीठ, एक-दोन चमचे साखर. मीठ साधं आयोडीनवालं चालते, पाणी थोडं गढूळ दिसते कधी कधी, दिसू द्या, नाहीतर सैंधव घ्या. भांडं स्टीलचं. पितळ, तांबं, हिंडालियम अजिबात नाही, व्हिनेगर त्याला खाते आणि ते आपल्या पोटात जाते. उकळताना खिडकी उघडी ठेवा, वाफ नाकात गेली की असा ठसका लागतो की शेजारची येऊन विचारते काय झालं. मीठ-साखर विरघळली, एक उकळी आली, गॅस बंद. यात मोहरी, चार मिरे, धणे, मेथीचे पाच-सहा दाणे, जास्त नाही नाहीतर कडू होते. आणि भिवापुरी मिरची मधून चिरून. जिल्ह्यातलीच मिरची आहे, जीआय टॅग आहे तिला, लांबून आणलेल्या लाल चकत्या कशाला टाकायच्या त्यापेक्षा. तिचा रंग हळूहळू पाण्यात उतरतो आणि दोन दिवसांनी पाणी नारंगी दिसायला लागते.

भाजीत प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. कांदा पातळ चिरला की अर्ध्या तासात खायला तयार, आणि लाल कांदा आंबटात पडला की आपोआप गुलाबी होतो, रंग टाकायची गरज नाही, ढाब्यावर बीट घालून जो भडक करतात तो वेगळा. गाजराच्या काड्या दुसऱ्या दिवशी चांगल्या. फुलकोबीचे तुरे छोटे करून त्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकायचे, मग बरणीत, तिसऱ्या दिवशी खरी चव येते, त्याआधी नुसताच कोबी आणि नुसतंच व्हिनेगर असं वेगवेगळं लागते. काकडी सगळ्यात फसवी. तिच्यात पाणी एवढं की ते सुटून तुमचं अडीच टक्के पातळ करून टाकते, म्हणून चकत्या करून मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवायच्या, पाणी निथळू द्यायचं, मग घ्यायच्या. आणि तिचं फुलाकडचं टोक, देठाकडचं नाही, दुसरं, ते जरासं कापून टाकायचं, त्या टोकात असं काही असते ज्याने काकडी मऊ पडते. आपण चीक काढायला टोकं घासतोच, ही कापायचीच समजा.

मुळ्याचं आधीच सांगून ठेवते. चवीला मुळा सगळ्यात भारी, करकरीत राहतो, झुणक्यासोबत तर काय सांगू. पण बरणी उघडली की असा वास येतो की घरातले फ्रिज रिकामा करून बघतात काय सडलं. काही सडलेलं नसते, मुळ्याचा तो गुणच आहे. पाहुणे बसलेले असताना उघडू नये एवढंच पथ्य.

दुसरी घाबरवणारी गोष्ट लसूण. लसणाच्या पाकळ्या व्हिनेगरमध्ये पडल्या की कधी कधी हिरव्या-निळ्या होतात, अगदी मोरपंखासारख्या, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी अख्खी बरणी बेसिनमध्ये ओतली होती त्यापायी. काही विषारी नसते ते, लसणातले गंधकाचे पदार्थ आणि आंबट यांची ती करणी आहे, खायला चालते. फेकायचं कधी ते वेगळं: पाणी फसफसायला लागलं, भाजी बुळबुळीत लागली, तार सुटली, वर पांढरा थर आला, झाकण फुगलं. तेव्हा चाखून बघायच्या भानगडीत पडायचं नाही, सरळ फेकायचं.

ओली हळद आणि आंबेहळद मिळते या दिवसात, वर्ध्याकडची वायगावची मिळाली तर सोनंच. सोलून पातळ चकत्या, सोबत आल्याच्या काड्या, हेच पाणी. माझ्या मते सगळ्या प्रकारांत हा एक नंबर, वरण-भातावर तूप आणि बाजूला ही हळद, दुसरं काही वाढलं नाही तरी पोरं तक्रार करत नाहीत. बोटं आणि ओट्याचं फडकं पिवळं होते ते चार दिवस जात नाही.

बरणी काचेची, गरम पाण्याने धुवून घेतलेली, आणि ओतायच्या वेळी कोमट असावी, थंडीच्या दिवसात गारठलेल्या काचेत उकळतं पाणी ओतलं की तडकते. श्रीखंडाचे आईस्क्रीमचे डबे यासाठी नको, गरम आणि आंबट दोन्ही त्या प्लास्टिकला झेपत नाही. पत्र्याचं झाकण असेल तर आतून गंज धरते, प्लास्टिकचं बघा. भाजी पाण्याखाली बुडलेली पाहिजे, वर तरंगणारा तुकडा पहिले खराब होतो. आणि बरणी कोमट झाली की लगेच फ्रिजमध्ये, रात्रभर ओट्यावर निवत ठेवायची नाही. तारखेची चिठ्ठी चिकटवा. दोन आठवडे एकदम मस्त, तिसऱ्यात संपवून टाका, त्यानंतर करकरीतपणा जातोच. कमी करा, संपवा, परत करा, वीस मिनिटांचं तर काम आहे.

आता फ्रिजचं, आणि हे खास आपल्या नागपूरसाठी. थंडीत कोणालाही जमते, खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. बाहेर पारा ४५ च्या वर आणि स्वयंपाकघरात गॅस पेटलेला. अन्न बाहेर किती वेळ राहू द्यायचं याचा साधा नियम आहे दोन तास, पण हवा ३२ डिग्रीच्या वर असली की एकच तास. आपल्याकडे मार्चपासूनच एक तास धरा मग. म्हणून मी ताटात वाढायला वाटीत काढून घेते, बरणी लगेच आत, आणि वाटीत उरलेलं परत बरणीत टाकत नाही. पोरांचे जे डबे बाहेर जातात त्यात हे देतच नाही, डब्यात आपलं तेलातलं कैरीचं किंवा लिंबाचं, ते कुठेही जाऊ द्या.

बरणी फ्रिजच्या दारात ठेवायची नाही, आतल्या कप्प्यात मागे ठेवायची. दार ही फ्रिजमधली सगळ्यात गरम जागा, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे दार दर दहा मिनिटांनी उघडते, कोणाला पाणी पाहिजे, कोणाला बर्फ. फ्रिजच्या आत ४ डिग्री किंवा त्याखाली पाहिजे. आत जो गोल बटनाचा आकडा असतो तो डिग्री नाही बरं का, पुष्कळ जणांना वाटते ४ वर ठेवलं म्हणजे ४ डिग्री, बहुतेक फ्रिजमध्ये आकडा मोठा म्हणजे थंडी जास्त एवढाच त्याचा अर्थ. छोटा थर्मामीटर मिळतो, आतल्या कप्प्यात ठेवून बघा एकदा, मे महिन्यात पाण्याच्या बाटल्यांनी ठासून भरलेल्या फ्रिजचा आकडा बघून धक्का बसेल. माठ भरा बाप्पा, पाणी पण चांगलं लागते आणि फ्रिजला श्वास घेता येते. वादळात लाईट गेली तर दार उघडायचं नाही, बंद ठेवलं तर साधारण चार तास थंडी धरून ठेवते, त्याच्या वर गेलं तर मग हे लोणचं, दूध, कालची भाजी सगळ्यांचाच विचार करावा लागते.

एक गोष्ट बोलू की नको असं वाटून राहिलं होतं पण बोलते. शहरात जी प्रदर्शनं लागतात, घरगुती पदार्थांची, तिथे आता या रंगीत बरण्या विकायला दिसतात, दिवसभर मांडवात टेबलावर, आणि विचारलं तर ताई सहा महिने टिकते म्हणतात. त्या बायका कष्टाच्या आहेत, कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला. पण फ्रिजचं लोणचं बिनाफ्रिजचं विकता येत नाही. बाहेर टिकणारं करायचं तर त्याची कृती वेगळी, बाटल्या उकळून हवाबंद करणं वेगळं, आंबटपणा मोजावा लागते, आणि विकायचं म्हटलं की अन्न सुरक्षेची नोंदणी पण लागते. त्यांना हे कोणी शिकवलेलंच नाही, त्यांनी पण तुमच्या-आमच्यासारखं मोबाईलवरच बघितलं. तुम्ही पुरवणीत एकदा यावर पूर्ण पान दिलं, एखाद्या फूड टेक्नॉलॉजीच्या माणसाकडून लिहून घेतलं, तर त्या बायकांना फायदाच होईल.

तर मागणी काय, सरळ लिहिते. रेसिपीत व्हिनेगर आलं की त्याच्यापुढे टक्के छापा. किती दिवस आणि कुठे ठेवायचं ती ओळ जागा नाही म्हणून कापू नका, हवं तर फोटो लहान करा. आणि फोटोग्राफरला सांगा बरणी फ्रिजमध्ये ठेवून फोटो काढ, फार तर उजेड कमी येईल.

भाजी संपल्यावर जे पाणी उरते त्यात परत नवीन भाजी टाकायची नाही, पहिल्या भाजीने त्याचा जोर घेतलेला असतो. पण फेकायचं पण नाही. पत्ताकोबीची कोशिंबीर करा, वरून शेंगदाण्याचा कूट, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि हे पाणी दोन चमचे. तर्री पोह्यावर कच्च्या कांद्याऐवजी हा गुलाबी कांदा घेऊन बघा एकदा, तर्रीचा तिखटपणा असा सावरते की दुसरी प्लेट मागाल.

पत्र फार लांबलं हे दिसून राहिलं आहे. कापायचं असेल तर मुळ्याच्या वासाचं कापा, शेजारच्या वहिनींचं कापा, सव्वा वाटी आणि पाऊण वाटी मात्र ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक, मेसवाली,
प्रतापनगर, नागपूर